पाठ किती इंच?

शिलाईच्या दुकानात बावीस वर्षं काजं करून आणि बटणं लावून काकूंचं नावच काजकाकू पडलं होतं. कात्री मात्र कधी हाती आली नाही. कापायच्या टेबलावर मापाची चिठ्ठी वाचावी लागते. आकडे काकूंना टेपवरून तोंडपाठ होते, पण अक्षरांशी त्यांचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं.

कटिंग मास्तरांचे डोळे अधू झाले, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मास्तर घरी बसणार. चिठ्ठी वाचून जो कापेल, टेबल त्याचं. नाहीतर बाहेरून माणूस आणीन."

दुसऱ्याच दिवशी काकू प्रौढांच्या वर्गात जाऊन बसल्या. शिकवणाऱ्या बाई सुनेच्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर 'कमळ' लिहिलं.

"कमळ घेऊन काय करू, बाई? मला कंबर द्या."

"काकू, इथे सगळं क्रमाने असतं."

"क्रम माझाही आहे की. मानेपासून खाली."

बाई हसल्या, पण खडू उचललाच. ग गळ्याचा, ख खांद्याचा, घ घेराचा. बाकीचे छत्रीच्या 'छ'शी झुंजत होते, तोवर काकूंची छाती लिहून झालीसुद्धा. मग एकदा बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'पाठ पहिला'. काकूंनी पहिला शब्द झटकन वाचला आणि विचारलं, "किती इंच?"

वर्ग खो खो हसला. ही गंमत दुकानात पोचायला कितीसा वेळ लागणार! मास्तर म्हणाले, "सात शब्दांची पंडित! चिठ्ठीत आठवा आला, की काय कराल?"

काकूंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या दिवसापासून त्यांनी शब्द उसवायला घेतले, चुकीची शिवण उसवावी तसे. उंचीतला उ वेगळा, छातीतला त वेगळा, घेरातला र वेगळा. भाजी चिरतानाही ओठ हलत. सून म्हणायची, "आई, जप करताय का?"

"हो. कात्रीचा."

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी चिठ्ठी सरकवली. गळा, छाती, पाठ, सगळं ओळखीचं. शेवटच्या ओळीत खांदा, आणि त्याच्यापुढे एक अनोळखी शब्द. काकूंनी त्याच्यावर बोट ठेवलं. उंचीचा उ. छातीचा त. घेराचा र. पुन्हा त, शेजारी काना.

"उतरता," काकू म्हणाल्या. "खांदा उतरता आहे गिऱ्हाइकाचा."

त्यांनी खडूची रेघ खांद्याकडे अर्धा इंच खाली आणली आणि कापड कापलं. मास्तरांनी तुकडा डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"हा शब्द कोणी शिकवला?"

"कोणी नाही. उसवला."

मास्तरांनी कात्रीची मूठ त्यांच्याकडे केली.

संध्याकाळी काकू वर्गात हजर. बाई म्हणाल्या, "अहो, टेबल मिळालं ना? मग?"

"मालकीणबाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," काकू पाटी पुढ्यात ओढत म्हणाल्या. "यापुढे चिठ्ठी मीच लिहिणार. चला, काढा तुमचा तो पाठ पहिला."