सतरा की अठरा

ऑटो लिंडक्विस्टला बार मोजायची खोड होती, आणि ती त्याच्या मेहुण्यानेच लावली होती. मिनेसोटातल्या एका दगडखाणीत हा मेहुणा, क्लेटन रीगल, मुकादम होता आणि ऑटो त्याच्या हाताखाली. खाणीचा नियम साधा होता. जितक्या सुरुंगांना बत्ती दिली, तितके बार कानांनी मोजायचे. एक जरी कमी भरला तरी तासभर कुणी खाली उतरायचं नाही, मग मालक उरावर का बसेना. वीस वर्षं क्लेटनने हा नियम पाळला आणि पाळायला लावला. आपल्या खाणीत एकही माणूस दगावला नाही, याचा त्याला ताठा होता. आणि तो ताठा खोटा नव्हता.

चाळिशी उलटल्यावर दोघं लढाईत आले ते बंदुकीसाठी नव्हे, फावड्यासाठी. पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटावरची धावपट्टी जपान्यांनी बांधायला घेतली होती. ती अर्धी असतानाच अमेरिकनांनी हिसकावली आणि आता जपान्यांना ती परत हवी होती. रोज दुपारी, पानात भात पडायच्या वेळेला, त्यांची विमानं येऊन पट्टीला भोकं पाडून जात. भातही त्यांनीच मागे टाकलेला, किडे निवडून खायचा. भोकं बुजवायची क्लेटनच्या टोळीने. एका खड्ड्याला पुरेल एवढी खडी आणि प्रवाळाचा चुरा भरलेले ट्रक माडांखाली सदा तयार उभे असत. बॉम्ब थांबले रे थांबले की टोळी धावत सुटायची. आपली विमानं वर लढत असायची, त्यांना उतरायला जागा लागायची.

जपान्यांचा एक रोलरही हाती लागला होता. तो ऑटोने आपला करून टाकला.

"कुरूप आहे, पण कामाला वाघ," ऑटो म्हणायचा. "शिवाय तोंड मिटून काम करतो. तुझ्यासारखा नाही, मुकादम."

"तुझ्या बहिणीला, इंग्रिडला विचार, घरी माझं तोंड कधी उघडतं ते."

"तिनंच लिहिलंय, तिकडे त्याला बोलू देऊ नकोस म्हणून."

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी नऊ विमानं आली. प्रत्येकाने दोन-दोन मोठे बॉम्ब टाकले आणि ती वळून गेली. दोन खड्डे ऐन पट्टीच्या मधोमध पडले. क्लेटन खंदकातून उठला आणि त्याने ट्रकांना हात केला. टोळीने एक खड्डा एकतीस मिनिटांत भरला होता, आज तो तिशीच्या आत आणायचा हे त्याच्या मनाने आधीच घेतलं होतं.

ऑटो खंदकातच बसून राहिला.

"सतरा झाले," तो म्हणाला. "नऊ दुणे अठरा. एक कमी आहे."

"एखादा समुद्रात पडला असेल."

"मी मोजले, क्लेटन. तूच शिकवलंस ना? तासभर थांबायचं."

"वर पोरं पेट्रोल संपवत बसलीत, आणि इथं तू खाण काढून बसलायस? तुला भीती वाटत असेल तर रोलर दुसऱ्याकडे दे."

हे बोलायला नको होतं. थांबणं शक्य नव्हतं हे खरं, पण दोन माणसांना पुढे पाठवून जमिनीत कुठं भोक दिसतं का ते पाहता आलं असतं. पाच मिनिटं गेली असती आणि आजचा विक्रम हुकला असता, एवढंच. ऑटोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो रोलरवर चढला.

पहिला खड्डा अठ्ठावीस मिनिटांत भरला. दुसराही भरत आला तसा ऑटो रोलर घेऊन तिकडे निघाला आणि वाटेत, पट्टीवरच, अठरावा फुटला. जमिनीत खोल घुसून तो वेळ काढत बसला होता. रोलर उचलला गेला, नव्या खड्ड्यात आडवा पडला आणि वरून कडा ढासळल्या. धूळ बसली तेव्हा तिथे नुसती माती होती. रोलरचा एक कोपरा तेवढा वर दिसत होता.

सगळे फावडी घेऊन तुटून पडले. क्लेटन हातांनीच उकरत होता. तेवढ्यात फोनवरचा शिपाई धावत आला.

"मुकादम, आठ विमानं परत आलीत. अर्ध्या तासाचं पेट्रोल आहे."

"शेजारच्या गवताच्या पट्टीवर उतरव त्यांना."

"तिथं गुडघाभर चिखल आहे. दोन सकाळीच उलटली."

रोलरला साखळी बांधून ओढायला निदान अर्धा तास आणि मग खड्डा भरायला पुन्हा तेवढाच हवा होता. क्लेटनने मातीला कान लावला. आत कुणी हाक मारतंय का, लोखंडावर काही ठोकतंय का, हे त्याला ऐकायचं होतं. पण डोक्यावर आठ इंजिनं घरघरत होती. आयुष्यभर ज्या कानांवर त्याने भरवसा ठेवला, त्या कानांना तेव्हा काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

"तो गेला असेल," कुणीतरी म्हणालं. "एवढ्या स्फोटात कोण राहतं."

क्लेटनने वर पाहिलं. एका विमानाच्या शेपटातून धूर निघत होता. त्या आठ पोरांची नावंही त्याला ठाऊक नव्हती. ऑटोला त्याने नवरदेवाच्या कपड्यात पाहिलं होतं, त्याच्या बापाच्या शवपेटीला खांदा दिला होता. तो उठून उभा राहिला.

"भरा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. तेव्हा पहिला ट्रक त्याने स्वतः मागे घेतला आणि स्वतः ओतला. मग बाकीचे आले. आठही विमानं उतरली. शेवटचं तर त्या मातीवरूनच उड्या घेत गेलं.

पट्टी लगेच उकरता आली नाही. विमानं पेट्रोल भरून पुन्हा उडाली, पुन्हा उतरली. सूर्य कलल्यावर साहेबांनी तासाभराची मुभा दिली. साखळी लावून रोलर वर ओढला आणि क्लेटन एकटाच खाली उतरला. "घरचा माणूस आहे, मी काढतो," तो म्हणाला. डॉक्टर वर काठावर उभे राहिले.

रोलरच्या खाली पोकळी राहिली होती. ऑटो तिच्यात कुशीवर होता, जणू झोपलेला. उजवा पाय मांडीपासून चिरडला होता. त्या मांडीवर त्याचा कमरेचा पट्टा करकचून आवळलेला होता. नीट, दोन वेढे देऊन, खाणीतल्या जखमींना क्लेटन बांधायचा तसा. असा पट्टा मेलेला माणूस बांधत नाही. मिनिटभरात मरणाराही बांधत नाही.

क्लेटन तिथे गुडघ्यांवर बसून राहिला. ऑटो वाट पाहत होता, हे त्याला कळलं. वर आपली माणसं आहेत, मेहुणा आहे, ते काढतीलच, या भरवशावर ऑटोने पट्टा बांधला होता. आणि मग त्याने वरून ट्रक ओतल्याचा आवाज ऐकला असेल.

"काय स्थिती आहे, मुकादम?" वरून डॉक्टरांनी विचारलं. "मला घरी कळवायला लागेल."

"थांबा जरा," क्लेटन म्हणाला.

पट्टा रक्ताने चिकटला होता. त्याने तो नखांनी सोडवला, विजारीच्या एकेका फाशातून ओवला आणि ऑटोच्या कमरेला बक्कल लावलं. सदरा खाली ओढून नीट केला. बक्कल दोनदा सुटलं.

"या आता," तो म्हणाला.

डॉक्टर उतरले, त्यांनी पाहिलं, पायाला हात लावला आणि वहीत लिहिलं: स्फोटात जागीच मृत्यू, यातना नाहीत. ते कागद इंग्रिडकडे जायचे होते. तिथे कुटुंबीयाची सही लागते म्हणून डॉक्टरांनी वही क्लेटनपुढे धरली, आणि क्लेटनने सही केली.