घाटाच्या पहिल्या वळणावर

आमच्या लातुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळं वर्षभर गाडी चालवूनही शिवकुमारच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या लेखी मी शिकाऊच. मेळघाटच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगर बघायला जायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तुझी गंजगोलाईच्या बाजारापर्यंत. घाट चढवलीस तर गाडी तुझी. न्हाई तर जलमभर बाजूला बसायचं." मीही हट्टाला पेटले.

सकाळी पायथ्याच्या लॉजवरून निघालो. मागच्या सीटवर सासूबाई, कमलम्मा. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली आणि मागं सरकू लागली. मागून हॉर्नवर हॉर्न. हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली.

"झालं समाधान? उतर, मी घेतो," शिवकुमार म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा आनंदच जास्त. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात अव्वा म्हणाल्या, "थांब रे. माझं इष्टलिंग लॉजवरच राहिलं. पूजेला काढलं, ते खिडकीतच. मंजू, वळव गाडी."

इष्टलिंग गळ्यात नसेल तर अव्वा पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मी जपून गाडी वळवली, खाली आणली. शिवकुमार धुसफुसत खोलीत शोधायला गेला.

तो जिना चढला तशा अव्वा पुढच्या सीटवर येऊन बसल्या. पदर सरकवला. इष्टलिंगाची चांदीची डबी गळ्यातच होती.

"अव्वा, हे काय!"

"हुडकू दे त्याला. कानाशी कुणी बडबडत नसलं की चढती गाडी. चल."

चढली. दोनदा चुकले, पण अव्वांनी चकार शब्द काढला नाही. दरी आली की फक्त डोळे मिटायच्या. वर पोचलो तर समोर एकामागं एक डोंगर आणि खाली सागाचं रान. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. शिवकुमारचे फोन येत होते, ते वाजू दिले.

ऊन चढलं होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली. अव्वांनी डबी कपाळाला लावली.

"न्हाई. इष्टलिंगाचं नाव घेऊन खोटं बोलले मी. आज पाणी न्हाई."

मीही बाटली खाली ठेवली.

अव्वांनी ती उचलून माझ्या हातात दिली. "तू पी. तुला गाडी खाली न्यायची हाय."