मंत्र्याचा चहा आणि माझा जळफळाट

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक अरुंद खोली मनात आणा. खिडकीला जाड काळा पडदा आहे. मधोमध एक लोखंडी यंत्र आहे. त्यावर सहा गोल तबकड्या आणि वहीच्या पानाएवढा पडदा. तेच मी, चित्रपटाच्या फिती कापून जोडण्याचे जुने टेबल.

तीस वर्षे या घरातल्या आजोबांनी माझ्यावर काम केले. एखादे दृश्य शोधायचे, तर अख्खी फीत मागे फिरवावी लागे. तेवढ्या वेळात आजोबा हनुवटी खाजवत पुटपुटत, "आत्ता बघणाऱ्याला काय ठाऊक आहे? आणि पडद्यावरच्या माणसाला?" कात्री त्यानंतरच चाले. येणारे-जाणारे माझी तारीफ करत आणि मी फुलून जाई.

पुढे आजोबांची मुलगी काम पाहू लागली आणि तिने संगणक आणला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण हा टिकोजीराव! ना तबकडी, ना फीत, आणि सगळे त्याच्याच भोवती! माझ्यावर छत्र्या वाळू लागल्या.

त्या वर्षी तिच्याकडे एक राजकीय थरारपट आला. त्यात एक पूल कोसळतो. मंत्री म्हणतो, मला कुणी सावध केलेच नव्हते. त्याच्या कार्यालयातल्या कारकून बाईला पुलाच्या इंजिनियरने इशारा दिलेल्या पत्राची नक्कल सापडते. साहेबांपासून हे लपवले गेले, असे समजून ती भाबडेपणाने थेट मंत्र्याच्या घरी जाते. मूळ पत्र मात्र मंत्र्याच्याच खणात असते, वाचल्याच्या त्याच्या सहीसकट. तो खण अगदी शेवटी दिसे.

पळापळ, गाड्या, फोन, सगळे भरपूर होते. तरी निर्माता जांभया देत राहिला. "उद्या परत बघतो. उद्याही झोप आली, तर पिक्चर दुसऱ्याकडे देईन," म्हणून तो गेला.

खरे सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. बरी जिरली संगणकाची! पण आजोबांची मुलगी कपाळ धरून बसली, तेव्हा माझे मलाच ओशाळल्यासारखे वाटले.

तिची लेक सतत पेन्सिल कुरतडे, म्हणून घरात तिला खार म्हणत. ती म्हणाली, "आई, सगळे धावतायत, पण भ्यायचं कुणाला तेच कळत नाही."

आजोबा हसले. "मंत्र्याच्या घरी ती चहा पिते, तेव्हा खणातलं पत्र आपल्याला ठाऊक असतं?"

"नाही." खार एकदम उडालीच. "मग खण आधी दाखवा ना! आपल्याला माहीत, तिला नाही!"

"अगं, गुपित आधीच फोडलं तर शेवटाला काय उरेल?" आई म्हणाली.

"ती बाई काय करते, ते उरेल," आजोबा म्हणाले. "आणि चहा ओतताना मंत्र्याचा हात थरथरतो, तो तुकडा का उडवलास? तोही घाबरलाय. नुसत्या राक्षसाला कोण तासभर बघेल?"

मला त्या बदलाला अख्खी दुपार लागली असती. संगणकाने पापणी लवायच्या आत केला. मी पुन्हा जळलो. बघणाऱ्याला काय ठाऊक, हा आजोबांचा प्रश्न माझ्या तबकड्यांवर वाढला होता, आणि वाहवा दुसऱ्याची होणार होती!

दुसऱ्या दिवशी निर्माता आला. पडद्यावर खण उघडला, मिटला. मग मंत्र्याने थरथरत्या हाताने चहा ओतला. "तुम्ही मला मुलीसारख्या. ते पत्र आणखी कुणाला दाखवलंत?"

निर्मात्याचा फोन वाजला. त्याने न बघताच तो बंद केला. पडद्यावर बाई घोट घेत होती आणि निर्माता खुर्चीच्या कडेला सरकला होता.

"पास!" निर्माता ओरडला. त्याने चित्र थांबवून संगणकाच्या पाठीवर थाप मारली. "काय मशीन आहे हो!"

मित्रांनो, यंत्रे जुनी होतात, त्यांची धूळ पुसा. पण बघणाऱ्याच्या मनाची काळजी त्याहून अधिक घ्या. हे मला त्या क्षणी सुचले नाही, तेव्हा मी नुसता धुमसत होतो.

खारीने निर्मात्याचा हात बाजूला सारला, चित्र पुन्हा सुरू केले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शू! काका, ती सांगणार की नाही, ते बघू द्या ना!"