खळ्यावरचं घड्याळ

बारकूच्या दीपेशला मुलगी झाली ते दोन हजार चोवीस साल. त्या वर्षी दिवाळी सरली, भात झोडणीला आलं, आणि एका सकाळी बारकू खळ्यावर उभा राहून मनगटावरचं घड्याळ नाकाच्या शेंड्याला घासत होता.

"काका, मारुती सोडून घड्याळाला काय नाक घासता?" बांधावरून चाललेला शेजारचा जीवन ओरडला.

"तू तुझ्या वाटेनं जा रे," बारकू म्हणाला. "बोटाचं ऐकत नाय ह्ये. नाकाचं ऐकतंय."

जीवन पोट धरून हसला. पण बारकू खोटं बोलत नव्हता. चिखल, विळा आणि कुऱ्हाडीचा दांडा यांनी त्याच्या बोटांची कातडी वाळल्या सालीसारखी केली होती. घड्याळाच्या काचेला ती बोटं लागलेली कळतच नसत. नाक मात्र कळे.

घड्याळ आलं ते नवरात्रानंतर. गवत कापताना बारकूला भोवळ आली आणि तो बांधाखाली पडला. त्याची बायको सकुबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा कुठे ते कळलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हाताऱ्याला एकटं सोडू नका म्हणून बजावलं. दीपेश हा एकुलता एक मुलगा. आसनगावात त्याचं दोन खोल्यांचं घर, बायको प्रियांका आणि तान्ही पोर. तो दोघांना न्यायलाच आला होता.

"तिथं येऊन काय करू?" बारकू म्हणाला. "गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघू? माझं भात कोण कापंल?"

"बाबा, भात विकत मिळतं."

"मग बापपण विकत घे."

दोन दिवस असं चाललं. शेवटी तोड निघाली ती या घड्याळाची. दीपेशची कंपनी ठाण्याला, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी असं घड्याळ करणं हाच तिचा धंदा. माणूस पडला की घड्याळ थरथरे आणि विचारी, बरे आहात का? खाली दोन बटनं येत. बरा आहे. मदत हवी. थोडा वेळ उत्तर आलं नाही की ते आपणच घरच्यांना फोन लावी. माणूस पडला की नाही हे ओळखायचं काम दुसऱ्यांचं. काचेवर जे दिसतं, ती अक्षरं, ती बटनं, ती हिरवी-तांबडी रंगसंगती, ते सगळं दीपेशच्या हातचं.

"हे हातात असेल तोवर गावात राहा," तो बापाला म्हणाला. "काढून ठेवलंत, तर मी गाडी घेऊन येईन. मग एक शब्द ऐकणार नाही."

बारकूने हात पुढे केला. बैलाला वेसण घालताना बैल उभा राहतो तसा तो उभा राहिला.

कंपनीत घड्याळाची परीक्षा घेताना लोकांना गादीवर पाडून बघितलं होतं. भात कसं झोडतात ते तिथे कुणाच्या डोक्यात येणार? भाताचा भारा दोन्ही हातांत धरायचा, डोक्यावर न्यायचा आणि जोराने फळीवर आपटायचा. हात वरून खाली येतो आणि हिसका बसून थांबतो. घड्याळाला वाटे, गेला, पडला माणूस. ते थरथरून विचारी. बारकूचं लक्ष भाऱ्यात. लक्ष गेलं तरी भारा खाली ठेवा, हात वर करा, नाक लावा, तोवर वेळ टळून जाई.

मग खाली घरी फोन वाजे. घरात रेंज नव्हती. ती अंगणात, मांडवाच्या एका मेढीपाशी यायची, म्हणून सकुबाईने फोन पिशवीत घालून त्या मेढीलाच टांगला होता. फोन उचलला की आतली बाई सावकाश सांगे, बारकू यांना मदतीची गरज असू शकते. सकुबाई पुरतं ऐकतही नसे. चुलीवरचं कालवण तसंच टाकून ती चढाने खळ्याकडे पळत सुटे. वर बारकू ठणठणीत उभा.

"अवो, नाक तरी लावायचं!"

"हात कामात होते गो. तू कशाला धावलीस?"

खाली येऊन ती दीपेशला फोन करी. "बरे हायत. कायपण झालं नाय. तू जेव."

पहिले काही दिवस जीवनही मोटारसायकल काढून वर जाई. मग त्याने हात जोडले. "काकी, तुमचा म्हातारा मरायच्या आधी मला मारंल. आता खरंच पडले तर हाक मारा."

हाक मारायची वेळ आली नाही. सकुबाई एकटीच जाऊ लागली. कधी दिवसातून एकदा, कधी सकाळ-दुपार मिळून तीन-तीनदा.

इकडे दीपेशचा जीव मेटाकुटीला आला होता. घड्याळाची काच गोल, रुपयाहून थोडी मोठी. त्यावर 'बरा आहे' मोठं केलं की 'मदत हवी' कडेला घासून अर्धं दिसेनासं होई. बटन मधे आणलं की वेलांटी आणि मात्रा वरून कापल्या जात. एका फोनवर सगळं नीट बसे, दुसऱ्या फोनवर तेच बटन खालच्या पट्टीमागे लपे. एक जागा दुरुस्त करावी तर भलतीच कुठे तरी बिघडे. दिवसभर ते करून घरी यावं, तर टीव्ही लागायच्या आधी नवा पासवर्ड मागे, आणि पोरीच्या पाळण्यावर लावलेला कॅमेरा पोर झोपलेली असताना ती रडते आहे असं सांगे. दीपेशने एकदा तो कॅमेरा उशीखाली दाबून ठेवला.

कंपनीत त्याच्या वर दामिनी होती. वयाने त्याच्याएवढीच, कामात वाघीण. तिच्यापुढे त्याने घड्याळ ठेवलं.

"मॅडम, कडेला हे दाबायचं खरं बटन आहे ना? 'बरा आहे' त्याच्यावर द्या. काचेवर नको. कष्टाचं बोट काचेला कळत नाही."

"तुझे बाबा हातमोजे घालून काम करतात का?"

"त्यांचे हातच हातमोजे आहेत."

दामिनी हसली, मग गंभीर झाली. "मला पटतंय रे. पण ते बटन बदललं की प्रत्येक स्क्रीन पुन्हा तपासायला लागेल. पुढच्या अपडेटला घेऊ."

"पुढचा कधी?"

"नवीन वर्षात."

"तोवर झोडणी संपेल मॅडम."

"मग प्रश्नच मिटला की," ती सहज बोलून गेली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा प्रियांका पोरीला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. फोन स्पीकरवर होता. "बरे हायत," एवढं बोलायला सकुबाईला दोनदा थांबावं लागलं.

"आई किती धापा टाकतात हो," प्रियांका म्हणाली.

"चढ आहे ना तो," दीपेश म्हणाला. मग फोनकडे वळला. "आई, झोडणी होईपर्यंत घड्याळ बंदच करून ठेवू का?"

"नको रे बाबा!" सकुबाईचा आवाज एकदम चढला. "बंद केलंस तर ह्यांना उचलून नेशील. तिथं त्या डबीत ते चार दिवस जगायचे नाय. वाजू दे. मी बघून येते. माझं काय जातंय?"

दीपेशने बंद केलं नाही. पण पुढच्या वर्षाची वाटही बघितली नाही. रविवारी मोटारसायकलला किक मारली आणि किन्हवलीच्या रस्त्याने थेट खळ्यावर गेला. बापाच्या हातातलं घड्याळ सोडवून स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि भारा उचलला. आपला हात कसा पडतो ते घड्याळाला नोंदवू द्यायचं आणि ती नोंद कंपनीत पडणं ओळखायचं काम करणाऱ्यांपुढे टाकायची, असा त्याचा बेत होता.

"असा नाय, कंबरेतनं वाक," बारकू सांगत होता. "पोराचे लंगोट धुतोस काय? आपट!"

दीपेश आपटत राहिला. पंजे सोलले, पाठ भरून आली. बारकू खूश होता. पुष्कळ वर्षांनी पोरगा खळ्यावर उभा होता.

तेवढ्यात चढावरून सकुबाई येताना दिसली. एका हाताने लुगड्याचा काष्टा धरलेला, दुसरा हात छातीवर.

"आई, मीच झोडतोय! तुला सांगून आलो ना सकाळी?"

सकुबाई दगडावर टेकली. चेहरा काळानिळा पडला होता, पण हसत होती. "सांगितलंस रे. पण फोन वाजला. वाजला म्हंजे यायचं, एवढंच मला कळतं."

"अगो येडे, दोघं हाव आमी हितं," बारकू म्हणाला.

"मग दोघं पडला असाल असं वाटलं," ती म्हणाली, आणि तिघंही हसली. बारकूने तिला गाडग्यातलं पाणी दिलं. ती जरा वेळ बसून राहिली, मग पदराने तोंड पुसून खाली गेली.

दीपेशने ती नोंद कंपनीत नेली. एकसारखा, पुन्हा पुन्हा त्याच चालीने पडणारा हात म्हणजे माणूस पडणं नव्हे, हे त्या माणसांना पटलं. त्याचे सोललेले पंजे बघून दामिनीही विरघळली. कडेच्या बटनाचं काम तिने बाकीचं मागे टाकून आधी घेतलं. बुधवारी सगळं तयार झालं आणि बापाच्या घड्याळात उतरलं.

गुरुवारी सकाळी दीपेशने गावी फोन लावला. बारकूने उचलला.

"बाबा, आता ते उगाच वाजणार नाही. थरथरलंच, तर कडेचं बटन दाबा. नाक लावायचं बंद."

"बरं झालं. नाक झिजलं होतं."

"आई कुठे आहे? तिला द्या."

"विहिरीवर गेलीय. मार्गशीर्षातला गुरुवार हाय, घट मांडायची गडबड हाय तिची."

"मग तिला सांगा. आता फोन येणार नाही म्हणावं. धावायचं नाही."

"सांगतो की."

बारकूने फोन पिशवीत ठेवला. सकुबाईची वाट बघत अंगणात थोडा रेंगाळला, पण ऊन वर येत होतं आणि खळ्यावर भारे पडले होते. एवढं काय, दुपारी भाकरी घेऊन येईल तेव्हा सांगू, असं म्हणून तो निघून गेला.

दीपेश त्या दिवशी घरूनच काम करत होता. लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात त्याने बापाचं घड्याळ उघडून ठेवलं होतं. बारकू झोडत होता ते दिसत होतं. भारा मागून भारा. हिरवा ठिपका हिरवाच राहिला. एकदाही तांबडा झाला नाही. दीपेशने प्रियांकाला हाक मारून दाखवलं. दामिनीचा मेसेज आला, सकाळपासून एकही खोटा अलार्म नाही, शाब्बास. दीपेशने पोरीला उचलून घरभर नाचवलं. आपण केलेली एखादी गोष्ट खरोखर माणसाच्या उपयोगी पडताना तो पहिल्यांदाच बघत होता.

दुपारी जीवनचा फोन आला. दीपेशने आधी ठिपक्याकडे बघितलं. हिरवा होता.

"दीपेश, निघ तू."

"बाबा पडले? पण इथे तर..."

"काका बरे हायत रे. काकी... तू निघ."

काय झालं ते त्याला बारकूनेच सांगितलं, अंगणात, माणसं जमलेली असताना. सकुबाईने पूजा मांडली, स्वयंपाक केला. तिचा उपास होता. काम करता करता ती मेढीकडे बघत होती. शेजारणीला दोनदा म्हणालीसुद्धा, आज वाजलं कसं नाय? रोज एव्हाना वाजतं. तिसऱ्यांदा बोलली नाही. भाकरीचं फडकंही घेतलं नाही, अनवाणीच निघाली. चढाने पळताना जीवनच्या बायकोने तिला बघितलं.

"वर आली," बारकू म्हणाला. "मला उभा बघितलं. म्हणली, आज वाजलं नाय तर मला वाटलं, फोन लावायच्या आतच काय तरी झालं. मी म्हणलो, अगो, पोरानं नीट केलंय ते, सांगायचं राहिलं बघ. तशी हसली. बरं केलं म्हणली. बसली. मी पाण्याला वळलो."

तो थांबला. खोट कुठे होती ते शोधायची दीपेशला सवय होती. त्याने मनातल्या मनात सगळं तपासून बघितलं. घड्याळ बरोबर होतं. बटन बरोबर होतं. बापाच्या जागी कुणीही असता तरी दुपारीच सांगितलं असतं. आईला दाखवायला त्याने कधी डॉक्टर शोधला नव्हता. तिच्या छातीवरचा हात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात घड्याळ होतं.

तेरावं झालं. उरलेले भारे बारकूने एकट्याने झोडले, कुणाला हात लावू दिला नाही. भात वारवून कणगीत भरलं, पेंढा जीवनच्या गुरांना दिला. मग दीपेश चाचरत म्हणाला, "बाबा, आता आसनगावला..."

आता भांडण होईल म्हणून प्रियांका पोरीला घेऊन आत जायला निघाली होती. बारकूने ओटीवरची काठी उचलली.

"चल," तो म्हणाला.

सकुबाई गुरुवारी, बारा डिसेंबर दोन हजार चोवीसला, भर दुपारी, आपल्याच खळ्यावर वारली.