बिब्ब्याची खूण

मी लसीचा निळा डबा बोलतोय. नवापूरकडच्या डोंगरपाड्यांवर रूथ सिस्टरच्या खांद्याला लटकून नऊ वर्षं हिंडलोय. पोटात बर्फ, बर्फात बाटल्या, तुटक्या कडीला लाल चिकटपट्टी. कुणाकडे काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं मला ठाऊक. ओट्यावर ठेवलं की पोरं हमखास विचारणार, "यात कुल्फी आहे का?" हिरीबाईची चार वर्षांची नात प्रतिभा तर माझ्या झाकणाला गाल लावून बसायची. तिचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत.

मागच्या वर्षी दुसऱ्या पाड्यावर रांगेतली एक उपाशी पोरगी चक्कर येऊन पडली. अजून सुई टोचलीही नव्हती. पाणी शिंपडलं, उठली, माझ्याशेजारी बसून बिस्किटं खाल्ली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. मग पडणं ठेवलं, उठणं कापलं, आणि वर एका बाईचा रडका आवाज चढवला: या सुईनं मुली वांझ होतात. अर्ध्या मिनिटाचा खेळ. फिरत फिरत तो व्हिडिओ ऊसतोडीच्या तळावर गेला. तिथून प्रतिभाच्या बापानं हिरीबाईच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाठवला, आईला दाखवा म्हणून.

यंदा गोवरची मोहीम निघाली. टोचलं की पोराच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची काळी खूण करतात. आम्ही हिरीबाईच्या ओट्यावर पोचलो, तर प्रतिभाचं नख आधीच काळं.

हिरीबाई म्हणाली, "मामाच्या गावाला टोचली. इथं तुमची सुई उपाशीच जाणार, सिस्टर. चहा तरी घ्या."

रूथ हसली. कार्ड बघायचं राहिलं. मी मात्र जवळून पाहिलं. नखाच्या कडेची कातडी फोडासारखी फुगली होती. शाईनं असं होत नाही. तो बिब्बा होता, धान्याच्या पोत्यांवर खूण करायचा. मला दिसलं, पण डब्याला तोंड कुठलं?

दीड महिन्यानं प्रतिभाला गोवर आला. हिरीबाईनं दाराला कडुलिंबाचा पाला बांधला, देवीचं येणं समजून. छाती भरल्यावर दवाखान्यात नेली. चौथ्या दिवशी प्रतिभाला पुरलं. नख तसंच काळं होतं.

रूथ भेटायला गेली तेव्हा हिरीबाई माझ्या लाल पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, "व्हिडिओत हाच डबा होता, सिस्टर. म्हणून तर खरं वाटलं मला."

रूथनं मला खाली ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

परवा बाजारात चहाच्या टपरीवर तो व्हिडिओ पुन्हा चालू होता. लोक माना हलवत होते, पुढे पाठवत होते. तुमच्याकडेही येईल. कोपऱ्यात लाल पट्टीचा निळा डबा दिसला, तर एवढंच विचारा, पडल्यावर त्या पोरीचं काय झालं?

ती उठली होती. मी शेजारीच होतो.