काल इथे होती

कुलूपवाला मुळातच संशयी. जन्म गेला दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात, मग भरवसा कुणावर ठेवायचा? बायको त्यावरून त्याला हसायची. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

तिचे सगळे फोटो एका जुन्या साइटवर होते, आणि ती साइट आता बंद पडणार होती. म्हणून कॉलेज सुटलं की नात दुकानात बसून आपल्या खात्यातून ते उतरवून घ्यायची. त्याच्यापाशी दुसरे फोटो नव्हते.

"आजी या जुनाट जागी काय करायची कोण जाणे," नात म्हणाली. "आईची पिढी इथून केव्हाच उठली. ती सगळी आमच्या साइटवर आली, म्हणून आम्ही तिथून पळालो."

"मग आता पळताय कुठे?"

"सांगितलं तर तुम्हीही याल!" ती हसली आणि एकदम थांबली. "आजोबा, इथे बघा. आजीच्या नावापुढे 'काल इथे होती' असं दिसतंय."

त्याने हातातली कानस खाली ठेवली. "पासवर्ड कुणाला ठाऊक होता?"

"बाबांना. त्यांनीच तर तिला खातं काढून दिलं होतं."

जावई! बायको गेली त्या आठवड्यातच हा कपाटाच्या किल्ल्या मागत होता. कुलूपवाल्याने त्याच संध्याकाळी घराच्या दाराचं कुलूप बदललं.

रविवारी नेहमीप्रमाणे जावई डबा घेऊन आला. "सासरेबुवा, किल्ली फिरत नाही. कुलूप रुसलंय की तुम्ही?"

"कुलूप," तो आतून म्हणाला. दार उघडून डबा घेतला, पण 'आत ये' म्हणाला नाही.

सोमवारी नातीला सुट्टी होती, ती सकाळीच आली. "आजीचं नाव कुणीतरी वापरतंय. तक्रार करू का? साइटवाले खातं लगेच बंद करतात."

"आणि फोटो?"

"तेही जातील. अजून निम्मे राहिलेत."

'कर' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. तो गिळून त्याने रोज रात्री दुकान बंद करताना करायचं काम आत्ताच हाती घेतलं. पडून राहिलं की कुलूप जाम होतं, म्हणून दुकानातल्या प्रत्येक कुलपात तो रोज एकदा किल्ली फिरवायचा. शेवटी खणातून बायकोचा फोन काढायचा, जरा वेळ सुरू ठेवायचा आणि बंद करायचा.

"आजोबा, हिरवा ठिपका! चोर आत्ता आत आलाय!" नात ओरडली. मग तिने त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"मी काही उघडत नाही," तो घाईने म्हणाला. "नुसता सुरू करतो."

"सुरू केला की तो आपोआप आत जातो, आजोबा."

त्याने फोन बंद करून खणात ठेवला. मग म्हणाला, "बापाला सांगू नकोस."

"काय? कुलूप बदललंत ते? ते त्यांना कालच कळलं. घरी येऊन हसत सांगत होते. मग जेवलेच नाहीत."

तो कामाच्या टेबलाकडे वळला. कोरी किल्ली घेतली, मशीनला लावली, कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या.

"ही बापाला दे. म्हणावं, फिरवताना दार जरा ओढून धर."

नातीने हात पुढे केला. त्याने किल्ली परत खिशात टाकली.

"राहू दे. मीच जातो. तू फोटो उतरव."