तीन वाट्या तांदूळ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी वाटी आहे. मला उलटी करून पाहू नका. माझ्या बुडाला मोठा पोचा आहे आणि तो दाखवायची मला लाज वाटते.

या घरातले आजोबा तांबट होते. त्यांनीच मला ठोकून घडवले. "हिचं माप म्हणजे माप, दाणाभर इकडेतिकडे नाही," असे ते चारचौघांत सांगत आणि मी फुशारून जाई. पुढे त्यांची नजर अधू झाली, हातोडी सुटली. मी तांदळाच्या डब्यात मापाचे काम करत राहिले. रोज तीन वाट्या शिजल्याच पाहिजेत, म्हणजे आजोबा, मुलगा, सून आणि दोन नाती अशा पाचही जणांना पुरते, हा आजोबांचा दंडक होता. सून मोठ्याने मोजे. ते ऐकल्याशिवाय आजोबा जेवायला बसत नसत.

मुलगा गोदामात हमाली करी, सून कारखान्यात शिलाई मशीन चालवी. दोघे मरमर राबत, तरी हातातोंडाची गाठ पडत नसे. महागाई वाढली, पगार जागचा हलला नाही. एके दिवशी सुनेने मला पालथे घातले आणि बत्त्याने माझे बूड आत ठोकले. तेव्हापासून "एक, दोन, तीन" तसेच ऐकू येई, भात मात्र कमी होई. चौघांची ताटे पूर्वीसारखीच भरत. कमी पडे ते तिच्या ताटात. मी बिनबोभाट खोटे माप देत होते. खरे सांगते, मेल्याहून मेल्यासारखे होई.

एकदा मशीनवर तिला घेरी आली आणि सुई बोटात शिरली. मैत्रिणीने तिला घरी आणून निजवले. भात टाकायला आजोबा स्वतः उठले. त्यांनी मला डब्यातून काढले, बुडावरून बोटे फिरवली आणि ते थांबले.

"पडून असा पोचा येत नाही. हा ठोकलाय. कुणी गं?"

"मी, मामंजी. चुकलं माझं."

"तू उपाशी राहायचीस आणि मी ऐटीत माप ऐकत बसायचो. लाज मला वाटायला हवी. तू जेवलीस का, एकदाही विचारलं नाही."

त्या दिवशी भात पाच ताटांत सारखा वाटला गेला. "आज कमी का?" धाकट्या नातीने विचारले.

"कमीच आहे, बाळा," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून जपा, पण वाढणारीचे ताटही बघत जा. आमचे आजोबा आता रोज आधी सुनेच्या ताटात बोटे लावून भात आहे ना, ते पाहतात.